महाग डिस्क प्लेअर घेण्याआधी या चुका टाळा

नवा ५५ इंची टीव्ही घरी येतो, हौसेने जुनी डीव्हीडी लावली जाते आणि चित्र धूसर दिसतं. पहिला संशय प्लेअरवर. एक मित्र म्हणतो, "चांगला प्लेअर घे, त्यातलं अपस्केलिंग भारी असतं." दुसरा म्हणतो, "टीव्हीच सगळं करतो, कुठलाही प्लेअर चालेल." माझा कौल दुसऱ्याला, पण एका अटीवर: टीव्हीच्या हाती कच्चा, म्हणजे डिस्कवर आहे तसाच, सिग्नल पडला पाहिजे. पुष्कळ घरांत तो पडतच नाही आणि खापर मात्र प्लेअरच्या स्वस्तपणावर फुटतं.

आधी काम काय असतं ते बघू. आपल्याकडच्या पाल या चित्रपद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ बिंदूंचं चित्र असतं. ४के टीव्हीचा पडदा ३८४० बाय २१६० बिंदूंचा. पडदा पूर्ण भरला तर डिस्कवरच्या एका बिंदूमागे पडद्यावर वीस बिंदू येतात, म्हणजे एकोणीस अंदाजाने भरायचे. हे अपस्केलिंग. ते प्लेअरने करो की टीव्हीने, डिस्कवर नसलेला तपशील कुणालाही आणता येत नाही, आणि आजच्या बऱ्यापैकी टीव्हीतला प्रोसेसर हे काम नीट करतो. नुसत्या अपस्केलिंगसाठी महाग प्लेअर घ्यायला मी कुणालाही सांगणार नाही.

खरी गोम त्याच्या आधीच्या पायरीत आहे. डीव्हीडीवरचं चित्र अर्ध्या-अर्ध्या भागांत येतं: एकदा विषम क्रमांकाच्या रेषा, एकदा सम क्रमांकाच्या. पालमध्ये सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं. ती सांधून पूर्ण चित्र करणं म्हणजे डीइंटरलेसिंग. हे एकदा बिघडलं की पुढे कितीही महाग टीव्ही असो, तो बिघाड मोठा करूनच दाखवतो. म्हणून प्रश्न प्लेअर महाग की स्वस्त हा नाहीच. ही सांधणी कोण करतंय, ते आधी शोधा.

पिवळी-लाल-पांढरी वायर

जुना प्लेअर अजून याच वायरने जोडलेला असेल तर बाकी काही तपासू नका. पिवळ्या वायरीत रंग आणि उजेड एकत्र कालवून पाठवतात. टीव्ही ते पुन्हा वेगळे करायला जातो, पण पूर्ण वेगळे होत नाहीत. अक्षरांच्या कडांवर रंगीत ठिपके सरकताना दिसतात ते यामुळेच. बाजारात मिळणारी एव्ही टू एचडीएमआय डबी लावूनही फायदा नाही, कारण कालवाकालव प्लेअरमध्येच होऊन गेलेली असते. प्लेअरला एचडीएमआय असेल तर तीच वापरा. नसेल तर एचडीएमआय असलेला साधा ब्लू-रे प्लेअर घ्या, तो डीव्हीडीही चालवतो. इथे पैसे खर्च करणं सार्थकी लागतं, आणि तेही थोडेच.

आउटपुट 'ऑटो'वर सोडून देणं

सर्वांत जास्त घडणारी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक हीच. एचडीएमआयवर 'ऑटो' ठेवलं की प्लेअर टीव्हीला विचारतो, "तुला जास्तीत जास्त किती चालतं?" टीव्ही सांगतो १०८०पी (१०८० रेषांचं पूर्ण चित्र) किंवा ४के. मग प्लेअर सांधणी आणि अपस्केलिंग दोन्ही स्वतःच उरकतो. टीव्हीतल्या ज्या प्रोसेसरसाठी तुम्ही पैसे मोजलेत, त्याला करायला काही उरतच नाही.

डीव्हीडी चालू असताना टीव्हीच्या रिमोटवरचं 'इन्फो' बटण दाबा. बऱ्याच टीव्हींवर येणाऱ्या सिग्नलची माहिती दिसते. तिथे १०८०पी दिसलं तर काम प्लेअर करतोय. आता प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन 'सोर्स डायरेक्ट', 'ओरिजिनल' किंवा ५७६आय (५७६ रेषा, न सांधलेल्या अर्ध्या चित्रांत) करा आणि तोच प्रसंग पुन्हा बघा. दोन्हींपैकी जे डोळ्याला बरं वाटेल ते ठेवा. मात्र बऱ्याच स्वस्त प्लेअरांत एचडीएमआयवर ५७६पीच्या खाली जाताच येत नाही. तसं असेल तर सांधणी प्लेअरच करणार, त्याला इलाज नाही. डीव्हीडींचा मोठा साठा असलेल्याने प्लेअर घेताना ५७६आय आणि ४८०आय (अमेरिकी पद्धतीच्या डीव्हीडींसाठी) बाहेर देता येतं का, एवढा एक प्रश्न दुकानात जरूर विचारावा.

लग्नाची आणि नाटकाची डीव्हीडी

सिनेमाच्या डीव्हीडीत दोन्ही अर्धी चित्रं बहुधा एकाच क्षणाची असतात, ती जशीच्या तशी जुळवली की झालं. लग्नाचं किंवा नाटकाचं चित्रण त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर झालेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक अर्धं चित्र वेगळ्या क्षणाचं असतं. ती दोन सरळ जुळवली तर अक्षता टाकणारे हात, वळून बघणारी नवरी, रंगमंचावर येरझाऱ्या घालणारा नट, जे जे हलतं त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते फुटतात. स्थिर वस्तू मात्र स्वच्छ दिसतात. ही खूण दिसली की समजा, व्हिडिओला सिनेमा समजून सांधणी झाली आहे.

अनेक प्लेअरांत यासाठी 'प्रोग्रेसिव्ह मोड' असतो: ऑटो, फिल्म, व्हिडिओ. अशा डिस्कसाठी 'व्हिडिओ' निवडा. टीव्हीत 'फिल्म मोड' किंवा 'सिनेमा मोड' नावाचा तसाच पर्याय असेल तर तो तेवढ्यापुरता बंद करून बघा. उलट सिनेमाला व्हिडिओ समजून सांधलं तर दाते येत नाहीत, पण तपशील अर्धा होतो: कौलारू छपरावरून कॅमेरा सावकाश फिरला की कौलं लुकलुकतात, गॅलरीचे गज आणि नऊवारीचे बारीक काठ थरथरतात. तपासणीसाठी मी हीच दृश्यं निवडतो. शेवटची वर सरकणारी श्रेयनामावलीही उत्तम, कारण सिनेमाच्या चित्रावर ती कधी कधी व्हिडिओच्या गतीने चढवलेली असते आणि तिथे कच्चे प्रोसेसर हमखास गडबडतात.

दोन वेगळ्या सॉकेटवर तुलना

जुना प्लेअर एचडीएमआय १ वर, नवा एचडीएमआय २ वर, आणि निकाल: "नव्याचे रंग किती जिवंत!" बऱ्याच टीव्हींत चित्राची सेटिंग प्रत्येक सॉकेटसाठी स्वतंत्र साठवलेली असते. एकावर 'सिनेमा', दुसऱ्यावर 'व्हिव्हिड' असेल तर तुम्ही टीव्हीच्या दोन सेटिंगची तुलना केलीत, प्लेअरांची नाही. एकच सॉकेट, एकच वायर, एकच डिस्क, एकच प्रसंग. प्लेअर परत करण्याची मुदत संपायच्या आत ही तुलना करा.

शार्पनेस दोन्हीकडे

प्लेअरमध्ये शार्पनेस, टीव्हीतही शार्पनेस; इकडे नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणं), तिकडेही. परिणामी चेहरे मेणाचे आणि कडांभोवती पांढरी झालर. प्लेअरमधली सगळी सुधारणा बंद करा आणि जे करायचं ते टीव्हीत करा. काही टीव्हींत शार्पनेस शून्यावर नेलं की चित्र मुद्दाम मऊ होतं, त्यामुळे आकड्याकडे न बघता झालर कुठे नाहीशी होते ते बघा.

काळा रंग राखाडी दिसतोय, किंवा अंधारातलं काहीच दिसत नाही? मग एचडीएमआयची रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला, बघा. प्लेअर 'लिमिटेड' आणि टीव्ही 'फुल', किंवा उलट, असं झालेलं असतं. दोन्हीकडे सारखं करा.

ब्लू-रेच्या चित्रासाठी जादा पैसे

ब्लू-रेवर सिनेमा बहुधा १९२० बाय १०८० च्या पूर्ण चित्रांत, सेकंदाला २४ या गतीने असतो. सांधायला काही नाहीच. प्लेअरने डिस्क वाचून चित्र उलगडायचं आणि पाठवायचं. त्यातली सुधारणा बंद केली तर स्वस्त आणि महाग प्लेअरच्या चित्रात डोळ्याला फरक दिसणं कठीण. फक्त '२४पी आउटपुट' चालू असल्याची खात्री करा, आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत हलत असेल तर टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा. सोनीत ते मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन.

जादा पैसे जातात कुठे याचा चांगला दाखला ओप्पो कंपनीच्या दोन ब्लू-रे प्लेअरांचा. यूडीपी-२०३ ची अमेरिकेतली किंमत ५४९ डॉलर होती, यूडीपी-२०५ ची १,२९९. दोघांचं चित्र करणारी यंत्रणा सारखीच. फरक मुख्यतः ॲनालॉग आवाजाच्या सर्किटांचा आणि बांधणीचा. अॅम्प्लिफायरला ॲनालॉग वायरने जोडून सीडी ऐकणाऱ्याला तो फरक मोलाचा. एचडीएमआयने आवाज नेणाऱ्याच्या तो कानापर्यंत पोचतच नाही. ओप्पोने एप्रिल २०१८ मध्ये नवे प्लेअर काढणं थांबवल्याचं जाहीर केलं. आज त्यांची जुनी यंत्रं चढ्या भावाने विकत घेताना हे लक्षात असू द्या.

४के डिस्क

४के ब्लू-रेवर एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) फिका दिसला तर आधी टीव्हीचं सॉकेट तपासा. त्याची पूर्ण क्षमता पुष्कळदा कारखान्यातून बंदच येते. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट' या नावाने ती चालू करावी लागते. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकारासाठी जादा पैसे मोजत असाल तर टीव्ही बघा: सॅमसंगच्या टीव्हींनी एचडीआर१०+ या दुसऱ्या प्रकाराचा मार्ग धरला आहे, त्यांच्यावर प्लेअरच्या डॉल्बी व्हिजनचा उपयोग नाही.

महाग प्लेअर आपली किंमत वसूल करून देतो अशी एक जागा मात्र इथेच आहे. डिस्क १,००० किंवा ४,००० निट्सच्या (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचं एकक) उजेडाला धरून तयार केलेली असते. प्रोजेक्टर किंवा कमी उजेडाचा टीव्ही तिथवर पोचत नाही, त्यामुळे तेजस्वी भाग खाली आणावे लागतात. पॅनासॉनिकच्या यूबी८२० या प्लेअरमधला एचडीआर ऑप्टिमायझर हे काम फार छान करतो, आणि प्रोजेक्टरवाल्यांना तो मी बिनदिक्कत सुचवेन. तो लावलात तर टीव्हीतलं डायनॅमिक टोन मॅपिंग (तेजस्वी भाग खाली आणण्याची टीव्हीची स्वतःची सोय) बंद ठेवा, नाहीतर दोघेही तेच काम करतात आणि चित्र मिळमिळीत होतं.

अमेरिकेतून प्लेअर मागवणं

भावाने येताना तिकडून आणला तर स्वस्त पडेल, हा हिशेब बरेचदा फसतो. डिस्क आणि प्लेअर जगाच्या कुठल्या भागासाठी आहेत ते 'रीजन' ठरवतो. तिकडचा प्लेअर डीव्हीडीसाठी रीजन १ आणि ब्लू-रेसाठी ए. भारत ५ आणि सी मध्ये. आपल्या बऱ्याच डिस्कना रीजनचं कुलूप नसतं, तरी पालची अडचण राहतेच: तिकडची चित्रपद्धत वेगळी, आणि तिकडचे अनेक प्लेअर पाल डीव्हीडी चालवतच नाहीत. न्यू जर्सीत राहणाऱ्या कुटुंबाची पुण्यातल्या लग्नाची डीव्हीडी तिथल्या प्लेअरवर अडते ती यामुळे. ४के डिस्कना रीजन नाही, त्यांच्यापुरता प्लेअर आणायला हरकत नाही. फक्त मागच्या पट्टीवर १००–२४० व्होल्ट छापलंय का, ते भावाला दुकानातच बघायला सांगा. नुसतं १२० असेल तर तो प्लेअर आपल्या प्लगमध्ये थेट लावायचा नाही.