सोलापुरात मोठ्या क्षेत्रावरचा गहू: नव्याने रुजू होणाऱ्या कृषी पदवीधरांसाठी

सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा. मंगळवेढ्याची मालदांडी सगळ्यांना ठाऊक आहे. गहू मात्र इथे पाण्याच्या जिवावर येतो: उजनीचा कालवा, भीमेचा काठ, नाहीतर विहीर-बोअर. मी माढा-मोहोळ भागात एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सभासदांच्या गव्हाचं नियोजन बघतो. बीएस्सी ॲग्री झालेली मुलंमुली आमच्याकडे रुजू होतात, तेव्हा त्यांच्याशी पहिल्यांदा बोलतो ते पेरणीच्या तारखांबद्दल.

दोन एकरवाला शेतकरी रोज वावरात असतो, बिघडलं की तिथल्या तिथे सावरतो. शेकडो एकरांवर तसं होत नाही. सगळीकडे एकच वाण एकाच आठवड्यात पेरला, तर सगळा गहू एकाच आठवड्यात फुलोऱ्यात येणार आणि एकाच आठवड्यात काढणीला. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीत काढणीला आलेला गहू झोपला, ते इथले लोक अजून विसरलेले नाहीत. म्हणून जोखीम वाटायची ती पेरणीतच. नंतर हातात फार काही उरत नाही.

बागायती गव्हाची वेळेवर पेरणी म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. त्यानंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल उत्पादन घटतं, असं कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सांगितलेलं आहे. कारण सरळ आहे. थंडीचे दिवस कमी मिळाले की फुटवे कमी येतात आणि दाणा भरताना मार्चचं ऊन गाठतं. 2022 च्या मार्चमधल्या उष्णतेने उत्तर भारतातला दाणा बारीक केला आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यातच थांबवली. आपल्याकडे ते ऊन दरवर्षीच लवकर येतं.

पण सोलापुरात पेरणीची तारीख तुमच्या हातात नसते, ती आधीचं पीक ठरवतं. उडीद-सोयाबीनचं रान ऑक्टोबरात मोकळं होतं. उसाचं रान मोकळं होतं कारखान्याची ऊसतोड टोळी येईल तेव्हा. त्यामुळे आमच्या वहीत क्षेत्राआधी ‘रान कधी मोकळं होणार’ हा रकाना असतो. लवकर मोकळ्या होणाऱ्या रानात तपोवन किंवा त्र्यंबक हे वाण, उसामागच्या रानात फुले समाधान, कारण तो वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालतो. उशिराच्या पेरणीला बियाणं हेक्टरी 100 ऐवजी 125 किलोच्या पुढे न्यायचं. डिसेंबरच्या मध्यानंतर ऊस तुटला तर गव्हाचा आग्रह धरू नका. शेतकरी रागावला तरी चालेल.

आता पाणी, आणि इथे खरा कस लागतो. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटतात. एक रोप मुळासकट उपटून बघा: बियाच्या वर, जमिनीलगतच्या गाठीतून पांढरी जाडसर मुळं निघालेली दिसली की पाण्याची वेळ झाली. पुढचं पाणी कांडी धरताना (खोडाला पेरं सुटताना), मग फुलोऱ्यात, मग दाणे भरताना. कालव्याचं आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवसांनी सुटणारी पाण्याची पाळी, मात्र गव्हाला विचारून सुटत नाही. म्हणून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर पाळीच्या तारखा घ्या आणि तिथून मागे मोजत कुठल्या चारीवर (कालव्याच्या फाट्यावर) कधी पेरायचं ते ठरवा. 2023 ला पाऊस कमी झाला आणि पुढच्या जानेवारीत उजनी मृतसाठ्यात गेली. अशा वर्षी गव्हाचं क्षेत्र कमी करून ज्वारी-हरभरा वाढवणं हेच शहाणपण. एकच पाणी मिळणार असेल तर पीक 40-42 दिवसांचं झाल्यावर ते द्या, दोन मिळणार असतील तर 20-22 आणि 60-65 दिवसांनी. विजेच्या रात्रपाळीत पाण्याची दारं कोण धरणार, हेही आधीच लिहून ठेवा. ते ठरलेलं नसेल तर पाणी असूनही गहू वाळतो.

तांबेरा या बुरशीच्या रोगासाठी जुन्या लोक-1 वाणाऐवजी प्रतिकारक वाण घ्या, एवढं पुरे.

पीक विम्याचा रब्बी हप्ता विमा रकमेच्या दीड टक्का. तो भराच आणि ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद) वेळेत करून घ्या. पण भरपाई महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाच्या, सरासरी उत्पादनावर ठरते. शेजारच्या गावांत बरं पिकलं असेल तर तुमच्या एका पट्ट्याचं नुकसान त्यात दिसतही नाही. शेतकऱ्याला हे पेरणीआधी समजावून सांगणं तुमचं काम आहे. मार्चमध्ये सांगाल तर तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

काढणीसाठी पंजाबचे हार्वेस्टर येतात, त्यांच्याशी जानेवारीतच बोलून ठेवा. टप्प्याटप्प्याने पेरलेलं असेल तर एकच मशीन पट्ट्यामागून पट्टा घेत जातं आणि आभाळ आलं तरी धावाधाव होत नाही. दाणा दाताखाली कट्टकन फुटेपर्यंत मशीन आत सोडू नका, आणि ओलावा 12 टक्क्यांवर आल्याशिवाय पोती थप्पीला लावू देऊ नका.