मधुमेहाची औषधे बंद करूनही साखर घसरत असेल, तर काय करावे

वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर एकाएकी आटोक्यात येऊ लागते. डॉक्टर गोळी आधी अर्धी करतात, मग बंद करतात, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) सहाच्या आत येते आणि घरात ‘मधुमेह गेला’ म्हणून पेढे वाटले जातात. आहार बदलून वजन घटवलेले असेल, तर हा आनंद रास्तच आहे. मात्र वजन घटण्याऐवजी वाढत असेल, दर दोन-तीन तासांनी काही खाल्ल्याशिवाय चैन पडत नसेल आणि पहाटे घामाने चिंब होऊन माणूस असंबद्ध बोलत असेल, तर पेढे बाजूला ठेवून शोध सुरू करावा. अशा वेळी क्वचित स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारी गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, सापडतो.

हा आजार मुळातच दुर्मीळ आहे. वर्षाला दहा लाख लोकांमागे एक ते चार जणांना तो होतो, आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांत तर त्याहून फारच कमी आढळतो. म्हणून प्रत्येक ‘लो शुगर’मागे गाठ शोधत बसणे चूक आहे. तरीही तो लक्षात ठेवावा लागतो, कारण मधुमेही माणसाची साखर कमी झाली की सगळ्यांचे बोट औषधाकडेच वळते आणि निदान महिनोन्महिने लांबते. बहुतेक गाठी एकच, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि कर्करोगाच्या नसलेल्या असतात. अशी गाठ काढून रुग्ण पूर्ण बरा होण्याचे पहिले यश १९२९ साली टोरांटोत रॉस्को ग्रॅहॅम या शल्यविशारदाला मिळाले. मधुमेहींना जीवदान देणाऱ्या इन्सुलिनचा शोध जिथे लागला, तेच हे शहर.

शोध नंतर, आधी उपचार. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज असेल तर पुन्हा द्यावे. ग्लुकोज पावडर नसल्यास तीन-चार चहाचे चमचे साखर चालते. मात्र व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत नेहमीच्या साखरेचे पचन लांबते, म्हणून त्यांच्या घरी ग्लुकोजचा डबा हवाच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर, मध, पाणी काहीही घालू नये. कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालयात न्यावे.

यानंतर एक साधी वही करावी. त्यात प्रत्येक वेळी पुढीलप्रमाणे नोंद असावी: ‘पहाटे ५.४०. रात्री ८.३० ला जेवण. घाम, समोरचे दोन-दोन दिसत होते, मुलाचे नाव आठवेना. मीटरवर ४६. ग्लुकोजचे पाणी दिले. ५.५५ ला ८१, बोलणे सरळ.’ या चार ओळींत लक्षणे, त्याच वेळी मोजलेली कमी साखर आणि ग्लुकोज दिल्यावर उतरलेली लक्षणे, असे तिन्ही पुरावे आले. वैद्यकात यालाच ‘व्हिपलचे त्रिकूट’ म्हणतात, आणि ते जुळल्याशिवाय पुढच्या महागड्या तपासण्यांना अर्थ नाही. उपाशीपोटी, उशिरा जेवल्यावर, एकादशीच्या कडक उपासाला किंवा बरेच चालून आल्यावर त्रास होतो का, हे आवर्जून लिहावे. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावला असेल, तर त्या कुशीवर झोपल्याने दाब येऊन खोटा कमी आकडा दिसू शकतो. म्हणून बोटाला टोचून खात्री करावी.

आता औषधांची झडती, आणि इथे घाई करू नये. घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी पती-पत्नी दोघांच्याही, वर्तमानपत्रावर ओतून प्रत्येक पाकिटावरचे बारीक अक्षरांतले घटक वाचावेत. ‘मी फक्त मेटफॉर्मिन घेतो’ असे ठामपणे सांगणाऱ्याच्या गोळीत ग्लिमेपिराइड हे स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारे औषधही असते, हे अनेकदा आढळते, कारण दोन्ही घटक असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, रिपाग्लिनाइड ही नावेही शोधावीत. मूत्रपिंडे कमजोर असतील, तर यांपैकी काही औषधांचा परिणाम बंद केल्यानंतरही काही दिवस टिकू शकतो. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून आणलेल्या मधुमेहावरच्या पुड्यांत ॲलोपॅथीची गोळी मिसळल्याचेही प्रकार उघड झालेले आहेत, तेव्हा त्या पुड्या डॉक्टरांना लपवून ठेवू नयेत. पायांच्या मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतले अल्फा लिपोइक ॲसिड क्वचित शरीरात इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडे तयार करते आणि गाठ नसतानाही साखर घसरते. मात्र कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये. टाइप १ मधुमेहात तर इन्सुलिन पूर्ण बंद करणे जिवावर बेतू शकते.

मूत्रपिंड, यकृत, अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी आणि मद्यपान ही आणखी चार कारणे डॉक्टर नेहमीच्या तपासण्या व विचारपूस यांतून पाहतात.

इतके होऊनही साखर घसरत राहिली, तर अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे जावे. निदानाचा कणा म्हणजे साखर ५५ च्या खाली असतानाच घेतलेले रक्त. साखर सावरल्यावर घेतलेल्या नमुन्यातून काही कळत नाही. साखर खाली असतानाच्या त्या एकाच नमुन्यात ग्लुकोज, इन्सुलिन, सी-पेप्टाइड, प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचे आधीचे रूप), कीटोन (चरबी जळताना बनणारा पदार्थ) आणि सल्फोनिलयुरिया, म्हणजे ग्लिमेपिराइडसारख्या औषधांचा अंश पाहतात. स्वादुपिंड स्वतः इन्सुलिन बनवते, तेव्हा सी-पेप्टाइडही सोबत बाहेर पडते. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये ते नसते. म्हणून इन्सुलिन भरपूर पण सी-पेप्टाइड नगण्य असेल, तर इन्सुलिन बाहेरून आले. दोन्ही वाढलेले असतील, तर बहुधा गोळीने स्वादुपिंडाला हाकले आहे किंवा गाठ आहे (क्वचित वर सांगितलेली प्रतिपिंडेही कारण असतात), आणि गोळी की गाठ हा फरक औषधाचा अंश शोधणाऱ्या तपासणीनेच कळतो. मूत्रपिंड निकामी होत असल्यास सी-पेप्टाइड एरवीही साचते, याची तज्ज्ञाला आठवण करून द्यायला हरकत नाही. ग्लुकोजसाठीचे रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेऊन लवकर तपासले जाते ना, हेही विचारावे. साध्या नळीत तासन्‌तास पडलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि आकडा खोटाच कमी येतो.

साखर आपोआप घसरण्याची वाट पाहणे शक्य नसेल, तर रुग्णालयात दाखल करून देखरेखीखाली जास्तीत जास्त ७२ तासांचा उपास घडवतात. पाणी चालते, साखर ठरावीक अंतराने मोजली जाते आणि लक्षणांसह ती ५५ च्या खाली गेली की रक्त घेऊन उपास मोडतात. इन्सुलिनोमा असलेल्या बहुतेकांत हे पहिल्या ४८ तासांतच घडते. हा प्रयोग घरी करायचा नाही, मग माणूस उपासांना कितीही सरावलेला असो.

सीटी स्कॅन त्यानंतरच. ‘आधी स्कॅन करून टाकू’ हा मोह घरच्यांना हमखास होतो, पण स्वादुपिंडात दिसणारा प्रत्येक ठिपका इन्सुलिन बनवत नाही आणि इन्सुलिन बनवणारी छोटी गाठ स्कॅनमध्ये दिसेलच असे नाही. सीटी किंवा एमआरआयवर ती सापडली नाही, तर जठरातून दुर्बिणीने केलेली सोनोग्राफी उपयोगी पडते; काही मोठ्या केंद्रांत एक्सेंडिन (अशा गाठीला चिकटणारा पदार्थ) वापरून पेट स्कॅन होतो. गाठ वरच्यावर असेल तर तेवढीच सोलून काढतात, नाहीतर स्वादुपिंडाचा काही भाग कापावा लागतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत, किंवा ती शक्यच नसेल तर, डायाझॉक्साइड हे इन्सुलिन स्रवणे रोखणारे औषध देतात. त्याने पायांवर सूज येऊ शकते, म्हणून रोज वजन पाहावे.

मधुमेही रुग्णाच्या घरच्यांना एक गोष्ट शस्त्रक्रियेआधीच सांगून ठेवावी लागते. गाठीचे जादा इन्सुलिन थांबले की साखर वर चढते आणि दबलेला मधुमेह पुन्हा डोके वर काढतो. हे शस्त्रक्रिया फसल्याचे लक्षण नाही. त्या काळात मीटर आणि पट्ट्या जवळ ठेवाव्यात, वही चालू ठेवावी आणि जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या जुन्याच मात्रेत सुरू न करता नव्या आकड्यांवरून डॉक्टरांकडून नवी मात्रा लिहून घ्यावी.