विहीर पुनर्भरणाआधी नायट्रेट तपासा

पहिल्या पावसाचं वावरातलं पाणी विहिरीत सोडायची घाई यंदा करू नका. पुनर्भरण हवंच, पण दगड-खडी-वाळूची गाळणी फक्त गाळ अडवते. पाण्यात विरघळलेलं नायट्रेट, म्हणजे खत-शेणमुतातल्या नत्रापासून बनणारा क्षार, तिच्यातून सरळ आत जातं. घरात ज्या विहिरीचं पाणी पितात, तिच्यात फक्त छपराचं पाणी घ्या, तेही पहिले एक-दोन पाऊस बाहेर सोडून.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटनं देशात सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांत आपल्या महाराष्ट्राचे ७ आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापुढे गेलेल्या पाण्याला ना रंग, ना वास. तुरटी किंवा ब्लीचिंग पावडरनं ते सुधारत नाही. उकळलं तर पाणी आटून नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवलं तर ते जिवावर बेतू शकतं. एवढ्यासाठी तरी तपासणी टाळू नका.

आपल्याकडे खाली काळा पाषाण. मुरूम आणि भेगांतून पाणी झपाट्यानं उतरतं. विहिरीलगतचा उकिरडा आणि गोठ्याचं मूत हेही युरियासारखेच पाण्यात नायट्रेट वाढायला कारणीभूत आहेत. उकिरडा आताच विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला हलवा. कपाशीला युरिया दोन-तीन हप्त्यांत, वाफसा (जमिनीत बेताची ओल) असताना, ओळीजवळ मातीआड द्या. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर गोणी फोडू नका. सोयाबीनच्या मुळांवर गाठी धरल्या असतील, तर उभ्या पिकात युरियाची गरज नाही.

विहिरीत लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर एकरी ५ सेंटिमीटर पाण्याच्या एका पाळीत सुमारे साडेचार किलो नत्र पिकाला मिळतं, म्हणजे जवळपास १० किलो युरिया. रब्बीत कांद्याला, गव्हाला पाणी देताना तेवढं खत कमी करा. तुमच्याच पैशाचं नत्र आहे ते, पिकाच्या कामी येऊ द्या.

नमुना घेताना पंप दहा मिनिटं चालवा, त्याच पाण्यानं बाटली विसळून भरा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पोचवा. ‘नायट्रेट तपासा’ असं स्पष्ट सांगा. विहीर आणि बोअरच्या बाटल्या वेगळ्या ठेवा. एक तपासणी आता, दुसरी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात.