गिअरबॉक्स शाबूत होता, मॉड्यूल गेलं होतं: माझा अनुभव

वर्धा रोडवर भर दुपारी आमची ऑटोमॅटिक सात सीटर एकाच गिअरमध्ये अडकली. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, चेक इंजिनचा दिवा पेटलेला. घरी स्कॅनर लावला तर कोड आला यू०१०१, म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूलशी, गिअर बदलणाऱ्या छोट्या संगणकाशी, संपर्कच तुटलेला. एका मेकॅनिकने सरळ गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं. मला ते पटेना. कोड संपर्काचा आहे, क्लच घसरल्याचा नाही.

बॅटरीचा निगेटिव्ह काढून मॉड्यूलचा कनेक्टर सोडवला. पिना लख्ख. कॅनच्या, म्हणजे गाडीतली मॉड्यूल्स ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन वायरींमध्ये मीटर 60 ओहम दाखवत होता, हवा तसाच. बॅटरी परत जोडून पाहिलं, सप्लाय आणि अर्थिंगही ठीक. मग संशय मॉड्यूलवरच.

ते बाहेर काढून झाकण उघडलं. भिंगातून एका पिनेच्या सोल्डरभोवती केसाएवढी गोल भेग स्पष्ट दिसली. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात इंजिनची धग. तापून-निवून सोल्डर असाच तडकतो.

जुन्या बाजारातलं मॉड्यूल मी टाळलं, कारण बऱ्याच गाड्यांत त्यात आधीच्या गाडीचा चॅसिस नंबर नोंदलेला असतो. पार्ट नंबर जुळवून नवीनच घेतलं. बसवणं सोपं, दोन-चार बोल्ट. पण कोडिंग (मॉड्यूलला गाडीची ओळख देणं) आणि गिअर ॲडॅप्टेशन (त्याला या गिअरबॉक्सशी जुळवून घेणं) केल्याशिवाय गिअर झटके देत पडतात, म्हणून ते कंपनीच्या स्कॅनरवर करून घेतलं. नंतर सगळ्यांना घेऊन बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. गिअर अलगद पडत होते, कोडही परत आला नाही.