ब्रिटनमधला पब आणि अमेरिकेतला बार: कुठे कसे वागावे

शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त ब्रिटनला अथवा अमेरिकेला गेलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत सहकाऱ्यांकडून संध्याकाळी पबमध्ये किंवा बारमध्ये येण्याचे आमंत्रण मिळते. भाषा तीच, काउंटर तसाच, भिंतीवरच्या टीव्हीवर सामनाही चाललेला. त्यामुळे एका देशात अंगवळणी पडलेली रीत दुसऱ्या देशातही चालेल असे वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. माझ्या मते दोन्ही देशांतला खरा फरक शिष्टाचार कोणाशी पाळायचा, यात आहे. ब्रिटिश पबमध्ये तुम्ही देणे लागता ते तुमच्याबरोबर आलेल्या मंडळींचे. अमेरिकी बारमध्ये ते लागता काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे. एवढे लक्षात ठेवले, तर पुढचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत.

काउंटरवर काय करावे

ब्रिटनमध्ये पबात शिरल्यावर टेबलावर बसून वेटरची वाट पाहू नये, कारण बहुतेक ठिकाणी तो येत नाही. रिकामे टेबल दिसेल तिथे बसावे, एकाने काउंटरवर जाऊन पेये मागावीत, तिथल्या तिथे पैसे द्यावेत आणि ग्लास स्वतःच टेबलावर आणावेत. जेवायचे असेल तर टेबलावरचा क्रमांक पाहून जावे. काउंटरवर तो सांगितला की जेवण टेबलावर येते. वेदरस्पूनसारख्या साखळी पबांमध्ये मोबाइल अ‍ॅपवरून मागवण्याची सोय आहे, पण जुन्या वळणाच्या पबात काउंटरला पर्याय नाही.

या काउंटरवरची रांग डोळ्यांना दिसत नाही, तरीही ती असते. माणसे काउंटरला लागून आडवी उभी राहतात आणि आपल्याआधी कोण आले होते, हे प्रत्येकजण मनात टिपून ठेवतो. बारवरची मुलगी नजर फिरवून आता कोणाची पाळी, असे विचारते. तेव्हा तुमच्या उजवीकडचे गृहस्थ आधी आलेले असतील, तर हाताने त्यांच्याकडे निर्देश करून त्यांना पुढे होऊ द्यावे. असे केल्याने तुमचे काहीच बिघडत नाही. उलट त्यांच्यानंतर लगेच तुमच्याकडे वळायचे, हे तिच्या लक्षात राहते. नोट हलवणे, चुटकी वाजवणे किंवा मोठ्याने हाक मारणे उद्धटपणाचे समजतात. हातात कार्ड किंवा रिकामा ग्लास धरून तिच्याकडे पाहत राहणे पुरेसे असते. कोविडनंतर काही पबांमध्ये लोक एकामागे एक उभे राहू लागले आहेत आणि जुन्या गिऱ्हाइकांना ते मुळीच रुचत नाही. तरी जिथे तशी रांग लागलेली दिसेल, तिथे नवख्याने निमूटपणे तिच्यात उभे राहावे.

अमेरिकेत आधी दाराशी थांबून पाहावे. टेबलावर बसवण्यासाठी कर्मचारी असेल तर तो नेईल तिथे बसायचे आणि मग पेये, खाणे, बिल सगळे टेबलावरच येते. एकटे असाल तर मात्र काउंटरपुढच्या उंच स्टुलावर बसावे. तिथे बारटेंडर तुमचे कार्ड घेऊन ‘टॅब’, म्हणजे खाते उघडतो. दर वेळी पैसे द्यावे लागत नाहीत. निघताना खाते बंद करायला सांगायचे आणि कार्ड परत घ्यायला विसरायचे नाही.

राउंडचा हिशोब

ब्रिटिश पबमधली सर्वांत महत्त्वाची रीत म्हणजे राउंड. चौघे गेले असतील तर एकजण उठून चौघांचे पेय आणतो, ग्लास तळाला आले की दुसरा उठतो आणि अशा रीतीने पाळी फिरत राहते. कोणी वही ठेवत नाही, पण कोणाची पाळी झाली नाही हे साऱ्यांना ठाऊक असते. पाळी येण्याआधी निघून जाणारा माणूस कंजूष म्हणून ओळखला जातो आणि ती ओळख ऑफिसात बरेच दिवस टिकते. म्हणून लवकर निघायचे असेल तर पहिला राउंड आपणच घ्यावा. नव्या माणसासाठी यापेक्षा सोपा आणि खात्रीचा उपाय नाही. गट आठ-दहा जणांचा असेल तर दोघा-तिघांचा लहान गट करून त्यातच राउंड फिरवण्यास कोणाची हरकत नसते. दुसऱ्याच्या राउंडमध्ये सर्वांत महागडे पेय मागवणे आणि स्वतःच्या राउंडला सगळ्यांचे ग्लास रिकामे होईपर्यंत बसून राहणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात.

ही प्रथा किती मुरलेली आहे, हे एका जुन्या आदेशावरून दिसते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांतले कामगार राउंडच्या भरात जास्त पितात म्हणून सरकारने अनेक भागांत दुसऱ्यासाठी पेय विकत घेण्यावरच बंदी घातली होती. बंदी गेली, राउंड राहिला. त्यात जास्त पिण्याचा धोका आजही तसाच आहे, कारण सर्वांत वेगाने पिणारा माणूस साऱ्या टेबलाची गती ठरवतो. तेव्हा एखाद्या फेरीला अर्धा पाइंट (पाइंट हे तिथले बिअरचे माप) घेणे किंवा या वेळी मला नको असे सरळ सांगणे, यात अवघडण्यासारखे काही नाही.

दारू न पिणाऱ्यांनी पबला जाणे टाळू नये, असे मला मनापासून वाटते. लाइम अँड सोडा हे पेय जवळजवळ प्रत्येक पबात मिळते, ते स्वस्त असते, आणि बिनअल्कोहोलची बिअरही आता सर्रास ठेवलेली असते. तुम्ही काय पिता याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. तुम्ही राउंडमध्ये आहात की नाही, याकडे देतात. तुमचा सोडा स्वस्त आणि त्यांची बिअर महाग, हा हिशोब मात्र मनात आणू नये. तो फारच खटकत असेल तर मी माझे वेगळे घेईन, असे सुरुवातीलाच सांगून मोकळे व्हावे.

अमेरिकेत राउंड अगदीच अनोळखी नाही, पण तो उपकार किंवा आनंदाचा क्षण म्हणून दिला जातो. त्याची फेड त्याच संध्याकाळी झाली पाहिजे, अशी अपेक्षा नसते. तिथे ज्याचे त्याचे खाते वेगळे असते किंवा एकाने बिल भरून नंतर व्हेन्मोसारख्या अ‍ॅपवर प्रत्येकाचा वाटा मागून घेतलेला चालतो. ब्रिटनहून अमेरिकेत गेलेल्याला हे रुक्ष वाटते, तर अमेरिकेहून ब्रिटनमध्ये आलेल्याला आपण किती प्यावे हे दुसरेच ठरवतात, असे वाटते.

टिप

अमेरिकेतला नियम पक्का आहे: साध्या बिअरला ग्लासमागे किमान एक डॉलर, खटाटोपाच्या कॉकटेलला त्याहून अधिक आणि खाते एकत्र असेल तर बिलाच्या १५ ते २० टक्के. यामागे वेतनाची रचना आहे. टिप मिळणाऱ्या कामगारांचे संघीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर इतकेच आहे, बाकीची कमाई टिपमधून व्हावी असे कायद्यानेच गृहीत धरले आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत त्यांना पूर्ण किमान वेतन मिळते, तरीही टिपची रीत तिथेही तशीच आहे. खाते बंद करताना जी पावती समोर येते, तिच्यावर टिपसाठी एक आणि एकूण रकमेसाठी एक अशा दोन रिकाम्या ओळी असतात. पहिलीत आकडा लिहावा, बेरीज करून दुसरीत मांडावी आणि सही करावी. बऱ्याच ठिकाणी यादीतल्या किमतीवर विक्रीकर वेगळा लागतो, त्यामुळे सात डॉलरची बिअर सात डॉलरला पडत नाही. नुसते सोडावॉटर घेतले आणि त्याचे पैसे कोणी मागितले नाहीत, तरी डॉलर ठेवून उठावे.

ब्रिटनमध्ये यादीत लिहिलेल्या किमतीत कर धरलेला असतो आणि काउंटरवरच्या पेयाला टिप देण्याची पद्धत नाही. काउंटरवर नाणी ठेवून गेलात, तर तुम्ही ती विसरलात असे समजून कोणीतरी हाक मारील. सेवा खरोखर आवडली असेल तर पैसे देताना ‘तुमच्यासाठीही एक घ्या’, असे म्हणण्याची रीत आहे. मग बारमन एका पेयाची किंमत बिलात धरतो आणि ते पेय नंतर घेतो किंवा तेवढे पैसे बाजूला ठेवतो. इथेही पाहा, त्याला नोकर मानून बक्षीस द्यायचे नसते, त्याला राउंडमध्ये सामील करून घ्यायचे असते. टेबलावर जेवण झाले असेल तर मात्र दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात. बिलात सेवाशुल्क आधीच जोडले आहे का, ते पाहून घ्यावे.

माप आणि पेय

ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा, अमेरिकी पाइंट ४७३ मिलिलिटरचा. ब्रिटनमध्ये मापाबाबत कायदा काटेकोर आहे: नळाची बिअर एक तृतीयांश, अर्धा, दोन तृतीयांश किंवा पूर्ण पाइंट अशाच मापांत विकता येते, व्हिस्की, जिन, रम आणि व्होडका २५ किंवा ३५ मिलिलिटरच्या पटीत, आणि यांतले कोणते माप वापरतात त्याची पाटी लावावी लागते. अमेरिकेत बारटेंडर पुष्कळदा माप न वापरता हाताच्या अंदाजाने ओततो आणि एका ग्लासात साधारण ४४ मिलिलिटर धरतात. म्हणजे ब्रिटनमधल्या दोन व्हिस्कींचा अंदाज अमेरिकेत जसाच्या तसा लावला, तर २५ मिलिलिटरच्या मापाच्या मानाने जवळजवळ पावणेदोनपट पोटात जाते.

बिअर कोमट असते, ही ब्रिटनविषयीची तक्रार मला अन्यायाची वाटते. कास्क एल नावाची बिअर पिंपात भरल्यावरही आंबत राहते, वेगळा वायू न सोडता ती हातपंपाने तळघरातून वर ओढली जाते आणि ११ ते १३ अंश सेल्सिअसला दिली जाते. बारमन पंपाचा लांब दांडा सावकाश आपल्याकडे खेचतो, ग्लासात आधी गढूळ फेस घुसळतो आणि मग तळापासून वरपर्यंत बिअर नितळ होत जाते. या बिअरची चव कळायला बर्फासारखा गारवा आड येतो. १९७० च्या सुमारास मोठ्या कंपन्यांच्या वायू भरलेल्या बिअरपुढे ही पद्धत मागे पडू लागली, तेव्हा १९७१ साली कॅमरा ही ग्राहकांची संघटना स्थापन झाली आणि तिने ती वाचवली. पिण्यापूर्वी चवीपुरती थोडी मागितली तर पबवाले खुशीने देतात. गार बिअर हवी असेल तर लागर मागावी, ती सगळीकडे असते.

पाटीकडेही लक्ष द्यावे. अनेक ब्रिटिश पब एखाद्या मद्यनिर्मात्याशी किंवा पब-कंपनीशी करारबद्ध असतात आणि तिथे ठरावीक बिअरच मिळते. पाटीवर ‘फ्री हाउस’ लिहिले असेल तर मालक हवी ती बिअर ठेवू शकतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती आणि ती उठल्यावर बहुतेक राज्यांनी उत्पादक, वितरक आणि विक्रेता यांना कायद्याने वेगळे केले. त्यामुळे तिथल्या चांगल्या बारमध्ये वेगवेगळ्या उत्पादकांचे नळ शेजारीशेजारी दिसतात. अशा ठिकाणी चार-पाच लहान ग्लासांचा संच मागवून चव घेणे उत्तम.

वय, वेळ आणि रस्ता

अमेरिकेत दारू विकत घेण्याचे किमान वय २१ आहे. १९८४ च्या कायद्यानुसार हे वय न पाळणाऱ्या राज्यांचा महामार्ग-निधी कापण्याची तरतूद झाली आणि सगळी राज्ये वठणीवर आली. केस पिकलेल्या गृहस्थांकडेही ओळखपत्र मागतात, त्याचा राग मानू नये. तिथले ओळखपत्र मिळेपर्यंत मूळ पासपोर्टच बरोबर न्यावा. ब्रिटनमध्ये हे वय १८ आहे, पण पंचविशीच्या आत दिसणाऱ्या कोणाकडेही पुरावा मागण्याचे धोरण बहुतेक पबांनी स्वीकारले आहे. मोठ्यांबरोबर आलेली मुले आणि पाळीव कुत्री ब्रिटिश पबात दिवसा सर्रास दिसतात.

अमेरिकेत राज्य बदलले की नियम बदलतो. कॅलिफोर्नियात रात्री दोनला विक्री थांबते, न्यूयॉर्कमध्ये चारला. मॅसॅच्युसेट्समध्ये संध्याकाळच्या ठरावीक वेळी पेये स्वस्त देण्यावर १९८४ पासून बंदी आहे. ब्रिटनमध्ये पुष्कळ पब अजूनही अकराच्या सुमारास आवरतात. शेवटच्या मागणीची घंटा झाली की पुढचे पेय लगेच घ्यावे आणि त्यानंतर मिळणाऱ्या पंधरा-वीस मिनिटांत ते संपवावे.

उन्हाळ्यात लंडनमध्ये माणसे ग्लास घेऊन पबबाहेरच्या फुटपाथवर उभी असतात, ते पाहून अमेरिकेत तसे करू नये. तिथे बहुतेक ठिकाणी रस्त्यावर उघडे मद्य बाळगणे गुन्हा आहे, न्यू ऑर्लिन्ससारखे अपवाद थोडे. लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्येही २००८ पासून मद्यपानाला बंदी आहे.

गाडीचा विषय सर्वांत गंभीर. इंग्लंडमध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ०.०८ टक्के, म्हणजे इंग्लंडइतकीच, आणि यूटामध्ये ०.०५. पण ब्रिटनमधला पब बहुधा चालत किंवा बसने गाठता येतो, तर अमेरिकेतल्या उपनगरातला बार मोटारीवाचून गाठता येत नाही. म्हणून तिथे जाण्यापूर्वीच परतीची टॅक्सी किंवा न पिणारा चालक ठरवावा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अमेरिकेत नुसती अटक झाली, गुन्हा अजून सिद्ध झाला नसला, तरी विद्यार्थ्याचा किंवा नोकरदाराचा व्हिसा रद्द होऊ शकतो.