डीव्हीडी कॉपी करताना रीड एरर येतोय? आधी ड्राइव्हला छळणं थांबवा

कॉपी 60-65 टक्क्यांपर्यंत मस्त जाते, मग ड्राइव्ह आतून टक्-घर्र-टक् असा आवाज काढायला लागतो, उरलेला वेळ चार मिनिटांवरून दोन तासांवर उडी मारतो आणि शेवटी 'सायक्लिक रिडंडन्सी चेक'वाली (म्हणजे डेटा नीट वाचता आला नाही) खिडकी तोंडावर येते. आपण काय करतो, 'रिट्राय' दाबतो. परत दाबतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं, आणि त्यात एक चांगली ड्राइव्ह घालवली.

डिस्क पुसून घ्या, मऊ कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका, कारण डेटा गोलच लिहिलेला असतो. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडाथोडा खातो आणि ड्राइव्हची एरर करेक्शन (वाचण्यातल्या चुका दुरुस्त करायची सोय) ते भरून काढते, पण ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग डेटा खातो आणि तिथे तिचं काही चालत नाही.

आणि टूथपेस्ट लावू नका! हा सल्ला कुठून निघाला देव जाणे. ती घासणारी वस्तू आहे, एका खोल ओरखड्याच्या जागी शंभर बारीक होतात. पॉलिश करायचंच असेल तर जेवढं निघतंय तेवढं कॉम्प्युटरवर आल्यानंतर, त्याआधी नाही. मधल्या भोकाजवळ तडा दिसला तर ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नका, जोरात फिरताना फुटू शकते. कागदी लेबल चिकटवलेली डिस्क वेगात थरथरते, तेही एक कारण असतं.

आता दोष कुणाचा ते बघा. दुसरी चांगली डिस्क त्याच ड्राइव्हमध्ये नीट वाचली जाते का? एक्स्टर्नल ड्राइव्ह असेल तर हब काढा, थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा, बारक्या ड्राइव्हला पॉवर कमी पडली तरी अगदी असेच एरर येतात. आणि डिस्क आरशासारखी चकचकीत, फाइलींची यादी दिसते, पण पिक्चर मात्र सगळीकडेच एरर देतोय, तर तो ओरखडा नाही, बहुधा कॉपी प्रोटेक्शन आहे, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप. काही विकतच्या डिस्कवर तर खराब सेक्टर (सेक्टर म्हणजे डेटाचा छोटा तुकडा) मुद्दाम टाकलेले असतात. त्यात मी शिरत नाही, हे सगळं आपल्या स्वतःच्या शूटिंगच्या, बिनकुलपाच्या डिस्कसाठी आहे.

आता मुख्य काम, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ वाया घालवला. फाइल ओढून कॉपी करायची नाही. साधी कॉपी खराब जागेवर पोचली की तिथेच डोकं आपटत बसते, आणि पुढचा चांगला भाग तसाच राहतो. आपल्याला बरोबर उलटं करायचंय, चांगलं आहे ते आधी उचलायचं आणि खराब जागा शेवटी ठेवायची. लिनक्सवर त्यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आहे (विंडोजवर आयसोबस्टर बघा). कमांडमध्ये क्रम असा: आधी मायनस एन, मग मायनस बी 2048, मग ड्राइव्हचं नाव, मग इमेज फाइलचं (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) नाव आणि सगळ्यात शेवटी मॅप फाइलचं नाव. 2048 कारण डीव्हीडीचा सेक्टर तेवढ्या बाइटचा असतो. मायनस एन म्हणजे खराब जागा खरवडत बसू नकोस, पुढे चल.

ती मॅप फाइल विसरू नका, हात जोडून सांगते. कुठला सेक्टर आला आणि कुठला राहिला हे फक्त तिच्यात लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा ती न देता रात्रभर लावून झोपले, सकाळी बघते तर 97 टक्के झालेलं, उरलेल्या तीन टक्क्यांत अडकलेलं, ड्राइव्ह हात लावू नये इतकी गरम, आणि मी बंद केलं. परत चालू केलं तर शून्यापासून. तीच डिस्क दुसऱ्यांदा 97 पर्यंतसुद्धा पोचली नाही.

मॅप फाइल असली की कधीही कंट्रोल सी दाबून थांबवा, ड्राइव्ह गार होऊ द्या, परत तीच कमांड द्या, काम राहिलं तिथून पुढे सुरू. पहिली फेरी संपली की मायनस एन काढा आणि मायनस डी, मायनस आर 3 घाला, आता ते उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न करेल. तीनच. 50 घालणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या ड्राइव्हची दया येते. त्याऐवजी वेग उतरवा, इजेक्ट कमांडला मायनस एक्स 4 दिलं की बऱ्याच ड्राइव्ह हळू फिरायला लागतात (काही ऐकत नाहीत). मायनस मोठा आर दिला तर उलट्या बाजूने वाचतं, त्यानेही कधीकधी दोनचार सेक्टर सुटतात.

पण खरा फरक पडतो तो ड्राइव्ह बदलल्याने. डिस्क काढा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, इमेज तीच, मॅप फाइल तीच, फक्त ड्राइव्हचं नाव बदला. एकीला न दिसलेलं दुसरीला दिसतं, कारण प्रत्येकीची लेन्स आणि लेझर वेगळ्या दमाचा. माझ्याकडे एक जुनी, दिसायला भंगार, ट्रे हाताने ओढावा लागतो अशी ड्राइव्ह आहे, आणि नव्या चकचकीत ड्राइव्हने सोडलेले सेक्टर तिनेच सगळ्यात जास्त काढून दिलेत.

एरर कुठे येतोय तेही बघा. 4.7 जीबीची डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणून कडेवरचे बोटांचे ठसे शेवटी नडतात. 8.5 जीबीच्या पिक्चरच्या डिस्कला दोन थर, आणि बहुतेक वेळा पहिला थर आतून बाहेर, दुसरा बाहेरून आत, त्यामुळे कडेची घाण बरोबर मध्यावर, 50 टक्क्यांच्या आसपास त्रास देते. तिथे अडकलं तर आधी कड परत पुसा, मग ड्राइव्ह बदला.

शेवटी थोडे सेक्टर राहिलेच तर रडू नका. डीव्हीडीची एरर करेक्शन 16 सेक्टरच्या गठ्ठ्यावर चालते, म्हणजे गेलं तर एका वेळी 32 केबी जातं, आणि स्क्रीनवर ते साधारण अर्धा सेकंद चौकोन-चौकोन दिसण्याइतकंच असतं. इमेज थेट व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडा आणि जिथे एरर होते तिथे जाऊन बघा. मेनूच उघडत नसेल तर नेमकी आयएफओ फाइल (मेनू आणि पिक्चरची माहिती ठेवणारी) गेलेली असते, पण तिची जुळी बीयूपी डिस्कवर असतेच, सगळ्या फाइली इमेजमधून एका फोल्डरमध्ये काढा, बीयूपीची कॉपी करून तिला आयएफओ नाव द्या आणि तो फोल्डर व्हीएलसीत उघडा.