दादरमधल्या जुन्या इमारतीतले छोटे घर विकत घेताना

दादर पश्चिमेला, रानडे रोड आणि शिवाजी पार्क यांच्या आसपास, १९३० ते १९५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींमध्ये वन रूम किचनचे एखादे घर अधूनमधून विक्रीला निघते. उंच छत, रंगीत मोझॅकची लादी, सागवानी दारे-खिडक्या, गोलाई दिलेली गॅलरी आणि खाली उतरताच भाजी, फुले, कापड आणि रेल्वे स्थानक, असे सगळे एकत्र पाहिल्यावर घेणाऱ्याचा निर्णय पहिल्या भेटीतच होऊन जातो आणि कागद पाहण्याचे काम मागे पडते. क्रम नेमका उलटा हवा. अशा व्यवहारात घराच्या खोल्यांपेक्षा त्या खोल्यांवरचा हक्क कोणत्या प्रकारचा आहे आणि इमारतीची प्रकृती कशी आहे, यांवर किंमत ठरली पाहिजे.

म्हणून दलालाला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘किती स्क्वेअर फूट?’ हा नसून ‘घर मालकीचे की पागडीचे?’ हा असावा. घर मालकीचे असेल आणि सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झालेली असेल, तर विक्रेत्याकडे भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि आधीच्या खरेदीचे नोंदणीकृत करार असले पाहिजेत. पागडीच्या घरात मात्र आपण भाडेकरूचा हक्क विकत घेत असतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेण्या-देण्याला मान्यता दिली असली, तरी जागा इमारतीच्या मालकाचीच राहते, भाडेपावती आपल्या नावावर करण्यासाठी त्याची संमती लागते आणि त्या संमतीसाठी तो रकमेतला वाटा मागतो. बँका अशा घरावर सहसा कर्ज देत नाहीत. पागडीचे घर स्वस्त दिसते त्याची कारणे ही आहेत. त्यामुळे त्याची तुलना शेजारच्या मालकीच्या घराच्या भावाशी करू नये.

इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी, आहे का, हेही याच वेळी विचारून घ्यावे. शहर भागातल्या अशा इमारतींचे वयानुसार गट पाडलेले आहेत: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ गटात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ गटात आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ गटात येतात. त्यांच्या दुरुस्तीचे काम म्हाडाचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ पाहते. पुनर्विकास झाल्यास निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर देण्याची तरतूद आहे. दलाल याच तरतुदीचे स्वप्न विकतात. सभासद किंवा भाडेकरू एकमताने एका बाजूला असले, तरी विकासक मिळणे, परवानग्या येणे आणि संक्रमण काळातले भाडे वेळेवर मिळणे यांत बरीच वर्षे जाऊ शकतात. पुनर्विकास झालाच नाही तरी या घरात राहायला आवडेल का, या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे जावे.

मालकीच्या घराची कागदपत्रे तपासताना वारसाहक्कावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. आजोबांनी घेतलेले घर, त्यांच्यानंतर आजींच्या नावावर झालेले भागप्रमाणपत्र, आणि आता विकायला पुढे आलेला एकच नातू, ही या भागातली नेहमीची परिस्थिती आहे. संस्थेने नामनिर्देशित व्यक्तीच्या नावावर भाग चढवले म्हणजे ती व्यक्ती एकमेव मालक झाली असे होत नाही. इतर वारसांचे हक्क शाबूत राहतात. सर्व वारसांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे घेतलेली असावीत, किंवा मग सर्वांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात. एखादी बहीण न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असेल, तर तिचे कुलमुखत्यारपत्र तिथे रीतसर साक्षांकित होऊन भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले गेले पाहिजे. ‘ताईची काही हरकत नाही, तिच्याशी फोनवर बोलणे झाले आहे’ या वाक्यावर इसार देऊ नये. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा, आणि इमारतीची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) संस्थेच्या नावावर आहे की अजून मूळ मालकाच्या, हेही पाहावे. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होणे, झालेले नसेल, तर पुनर्विकासाच्या वेळी तोच पहिला अडथळा ठरतो.

क्षेत्रफळ स्वतः टेप लावून मोजावे. भिंतींवर भार पेलणाऱ्या जुन्या बांधकामात भिंती जाड असतात, त्यामुळे करारात बिल्ट-अप क्षेत्र लिहिलेले असेल तर प्रत्यक्ष वापरायची जागा अपेक्षेहून बरीच कमी भरते. नंतर बांधलेला पोटमाळा आणि बंद केलेली गॅलरी हे भाग मंजूर नकाशात नसल्यास त्यांचे पैसे मोजू नयेत. दोन खोल्यांमधली भिंत काढून ‘हॉल मोठा करण्याचा’ बेत असेल, तर ती भिंत भार पेलणारी नाही याची खात्री संरचना अभियंत्याकडून आधी करून घ्यावी.

घर पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे जुलै-ऑगस्ट. एका कोपऱ्यातच ताजा रंग दिसला तर त्यामागे ओल असण्याची शक्यता धरून चालावे. समुद्र जवळ असल्याने इथल्या काँक्रीटमधल्या सळ्यांना गंज लवकर चढतो. गंजलेली सळई फुगते, स्लॅबला तडे जातात आणि पोपडे पडू लागतात. म्हणून आपल्या घराच्या छताइतकेच जिन्याखालचे, गॅलरीखालचे आणि गच्चीलगतचे भाग पाहावेत. सांडपाण्याच्या पाइपांमागे भिंतीत पिंपळ उगवला आहे का, तेही पाहावे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक असल्याने तिचा अहवाल मागावा. त्यात इमारतीला वर्ग दिलेला असतो: सी-१ म्हणजे इमारत तातडीने रिकामी करणे आवश्यक. सी-२ मध्ये मोठी दुरुस्ती लागते आणि तिच्या वर्गणीचा वाटा तुमच्यावर येतो. सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्तीवर भागते. अहवाल नसेलच, तर आपल्या खर्चाने अभियंता नेणे हा या किमतीपुढे क्षुल्लक खर्च आहे. पाणी किती वाजता येते, पंप कोणाचा आहे आणि बेस्टच्या मीटरचा मंजूर भार एसी चालवण्याइतका आहे का, हे शेजाऱ्यांकडून सहज कळते.

परिसराची पारख वेगवेगळ्या वेळी करावी. सकाळी शांत वाटणारी गल्ली गणपती-दिवाळीच्या खरेदीत चालायलाही जागा ठेवत नाही, तर ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या जनसागरामुळे वाहतुकीचे मार्ग बदलतात. ज्यांना हे सारे आपलेसे वाटते त्यांच्यासाठीच दादर आहे. गाडी असेल तर ती कुठे उभी राहणार, याचे उत्तर लेखी मिळवावे. ‘खाली जागा मिळून जाते’ हे उत्तर नव्हे.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. समजा व्यवहार दीड कोटींचा ठरला, तर मेट्रो अधिभारासह ६ टक्के दराने मुद्रांक शुल्क ९ लाख आणि नोंदणी शुल्क ३०,००० रुपये होते. घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास शुल्कात १ टक्का सवलत मिळते. शुल्काची आकारणी करारातील किंमत आणि शासकीय बाजारमूल्य यांपैकी जास्त असेल त्या रकमेवर होते. ५० लाख किंवा त्याहून अधिकच्या व्यवहारात खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. महापालिका क्षेत्रातील संस्थेला हस्तांतरणासाठी २५,००० रुपयांपर्यंतच अधिमूल्य आकारता येते. त्यावर ‘देणगी’ मागितली गेल्यास ती देणे बंधनकारक नाही.

खरेदीखताची नोंदणी झाल्यावर इंडेक्स दोनची (नोंदणी कार्यालयातल्या व्यवहाराच्या नोंदीची) प्रत घ्यावी, संस्थेकडे हस्तांतरणाचा अर्ज करून त्याची पोच ठेवावी, आणि भागप्रमाणपत्र, वीज मीटर व मालमत्ता कराचे बिल आपल्या नावावर करून घ्यावे. आधीच्या मालकाची देखभाल वर्गणीची थकबाकी नसल्याचा दाखला मात्र शेवटचा धनादेश देण्यापूर्वीच हातात घ्यावा.